लेन्स लॅबचा तयार संच : यंत्राला पैकीच्या पैकी, सेवेला निम्मे

चष्म्याचं फिटिंग करणाऱ्या पुष्कळ जणांच्या मनात कधी ना कधी येतंच की काचा बाहेरून मागवण्यापेक्षा आपणच का बनवू नयेत. मग गाठ पडते ती ‘छोटी लॅब, सगळं एकत्र’ असा संच विकणाऱ्यांशी. असा संच मी घेतला आहे आणि रोज चालवते आहे. घ्यायच्या बेतात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

संचात ब्लॉकर (काच धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, बसवणारं यंत्र), डिजिटल जनरेटर (काच कापणारं यंत्र), पॉलिशिंग मशीन, लेझर मार्किंग आणि चिलर (थंड करणारं यंत्र) येतात. नंबर टाकला की काचेच्या मागच्या पृष्ठभागाची आकडेमोड करून देणारं सॉफ्टवेअरही असतं. पुढची बाजू कारखान्यातच तयार झालेला जाड ब्लँक (अर्धवट तयार काच) आणायचा, पुढून टेप लावून ब्लॉकवर बसवायचा, मागची बाजू हव्या त्या नंबरला कापायची आणि पॉलिश करायची.

जनरेटर उत्तम आहे, यात शंका नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक वक्रतेच्या जोडीला धातूचा वेगळा लॅप (काच घासायचा साचा) लागायचा, भिंतभर रॅक त्यानेच भरलेले. इथे हिऱ्याचं हत्यार थेट पृष्ठभाग कोरतं आणि मऊ पॅड तो चमकवतो, लॅप लागतच नाहीत. त्याहून मोठा फायदा प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचेत आहे. ॲडिशन (जवळच्या नजरेसाठी वाढवलेला नंबर) पुढच्या बाजूला साच्यातच आलेले ब्लँक ठेवायचे म्हटले, तर ०.७५ ते ३.५० पर्यंत पाव-पाव डायॉप्टरने (नंबराच्या एककाने) १२ ॲडिशन, डावा-उजवा डोळा वेगळा आणि पाच बेस (पुढच्या बाजूच्या वक्रता) धरले तरी एकाच मटेरियलचे १२० प्रकार होतात. डिजिटल पद्धतीत प्रोग्रेसिव्हची सगळी रचना मागे कोरली जाते, म्हणून साध्या सिंगल व्हिजन (एकाच नंबरच्या) ब्लँकचे पाच-सहा बेस ठेवले की भागतं. नवख्या माणसाचं भांडवल मालातच अडकून पडतं, ते इथे मोकळं राहतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हेच यंत्र पुन्हा घेईन.

आता सेवेकडे. प्रशिक्षणाला आलेल्या माणसाने बटणं कोणती दाबायची ते नीट दाखवलं. काच बिघडली तर कारण कसं शोधायचं, यावर मात्र चकार शब्द नाही. आणि हा धंदा तर बिघडलेली काच वाचता येण्यावरच चालतो. उदाहरण देते. सुरुवातीला काही काचांच्या बरोब्बर मध्यभागी सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसू लागला. लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) नंबर अचूक, पण दिव्यासमोर धरून हलवलं की मध्ये प्रकाश किंचित वळायचा. पॉलिशचा वेळ वाढवून तो जात नव्हता. हत्याराची उंची केसाच्या अंशाइतकी सरकली की काच फिरते त्या केंद्रावर थोडं मटेरियल उरतं किंवा जास्त कापलं जातं. ते चाचणीच्या काचा कापून, मोजून, हत्यार पुन्हा जुळवूनच सुटतं. पहिल्या दिवशी शिकवायला हवी ती ही गोष्ट. विक्रेत्याला फोन केला तर ‘पॅड बदला’ एवढंच उत्तर मिळालं.

ब्लँकच्या माहितीचंही तसंच. डब्यावर बेस ६ छापलेला असतो, पण तो नाममात्र. खरी वक्रता त्याच्या जवळपास असते आणि प्रत्येक उत्पादकाची थोडी वेगळी. त्यातून वक्रतेचं गेज १.५३ अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) धरून बनवलेलं, तर सीआर-३९ या नेहमीच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक १.४९८. गेजवर ६.०० वाचलेल्या पृष्ठभागाची ताकद सीआर-३९ मध्ये सुमारे ५.६४ भरते. कमी नंबरच्या काचेत साधारण ०.१२ डायॉप्टरच्या पुढे चूक चालत नाही, तिथे हा फरक थेट तिप्पट. म्हणजे प्रत्येक ब्लँकची खरी वक्रता, जाडी आणि अपवर्तनांक सॉफ्टवेअरमध्ये भरल्याशिवाय एकही काच कापू नये. ही फाइल ब्लँक विकणाऱ्याकडून मागून घ्यावी लागते, संचासोबत येत नाही.

पॉलिशचं द्रावण म्हणजे पाण्यातली ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी. ते थंड ठेवावं लागतं, दाटपणा मोजावा लागतो, गाळावं लागतं. कुठे ढिलाई झाली की काचेवर संत्र्याच्या सालीसारखा पोत उठतो. ब्लॉक केलेली काच लगेच जनरेटरवर चढवायची घाईही नको, कारण गरम असताना कापली तर ब्लॉक काढल्यावर आकार बदलतो. ब्लॉकिंगसाठी ४७ अंशांना वितळणारा मिश्रधातू वापरणार असाल, तर त्यात शिसं आणि कॅडमियम असतं. धुराड्याची, हातमोज्यांची आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आधी करा.

सगळ्यात मोठी उणीव कोटिंगची. कापलेली मागची बाजू उघडी असते. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक तर इतकं मऊ की हार्ड कोट (चरे अडवणारा थर) नसेल तर पुसतानाच चरे पडतात. परावर्तनही आहेच. १.५ अपवर्तनांकाच्या काचेचा एकेक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, १.६७ चा ६ टक्क्यांच्या वर. अँटी-रिफ्लेक्शनशिवाय (परावर्तन कमी करणाऱ्या थराशिवाय) महाग काच कोण घेणार? त्याला निर्वात कक्ष लागतो, धूळमुक्त खोली लागते, थरांची जाडी सांभाळणारा माणूस लागतो. माझा सल्ला असा की पहिल्या टप्प्यात हे अंगावर घेऊ नका, मोठ्या लॅबकडून कोटिंग करून घ्या. वेळ जातो, पण धंदा तगतो.

प्रोग्रेसिव्हच्या डिझाइनसाठी दर काचेमागे फी द्यावी लागते, ती करारात शोधून वाचा.

मोनोमरपासून, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या द्रवापासून, काच ओतायचं स्वप्न असेल तर सध्या बाजूला ठेवा. सीआर-३९ घट्ट होताना सुमारे १४ टक्के आकसतो, त्याला सुरू करणारं पेरॉक्साइड गोठवूनच साठवावं लागतं आणि भट्टीचं चक्र तासन् तास चालतं. ते मोठ्या कारखान्यांचंच काम आहे. बाजारही किती एकवटलाय ते पाहा : यंत्रं बनवणारी सॅटिसलो २००८ मध्ये काचा बनवणाऱ्या एसिलोरकडे गेली आणि २०१८ मध्ये एसिलोर फ्रेम बनवणाऱ्या लक्सोटिकाशी एक झाली. काच, फ्रेम, यंत्र, सगळं एका घरात. (माझा संच त्यांचा नाही.) छोट्या लॅबने त्यांच्याशी दरात भिडू नये. अवघड प्रिझम (प्रतिमा सरकवणारी काच), मोठे सिलिंडर (तिरकस नंबर), एका डोळ्याची तातडीची काच हे आपलं मैदान आहे आणि तिथे हे यंत्र खरंच कामाला येतं.

ज्याच्याकडे फिटिंगचा अनुभव आणि नेमाने येणारं काम आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. पैसे देण्याआधी मात्र आपला ब्लँक आणि आपला नंबर घेऊन जा आणि समोर कापून घ्या. लेन्सोमीटरवर आकडा तपासा, मग दिव्यासमोर धरून मध्यभाग बघा. आणि प्रशिक्षणात हत्याराचं कॅलिब्रेशन (मोजून जुळवणं) लेखी धरायला लावा, तोंडी कबुलीवर राहू नका.