नियंत्रण बिंदू संपूर्ण चित्रात शोधावेत की निवडक भागांत?

समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे ह्युगिन या छायाचित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडताना नियंत्रण बिंदूंचा, म्हणजे दोन चित्रांत एकच जागा दाखवणाऱ्या बिंदूंचा, शोध दोन प्रकारे घेता येतो. पहिल्या पद्धतीत त्यातले बिंदू शोधणारे साधन सीपीफाइंड संपूर्ण चित्र तपासते आणि नंतर बिंदू छाटणारे साधन सीपीक्लीन सरासरीपेक्षा फार मोठी त्रुटी असलेले बिंदू वगळते; आपण न बदलल्यास ही मर्यादा सरासरी अधिक 2 प्रमाण विचलने (त्रुटी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) इतकी असते. इमारती किंवा खडक अशा स्थिर दृश्यांसाठी हे पुरेसे आहे. ढग मात्र साधारण एकाच दिशेने सरकत असल्यामुळे त्यांच्यावरचे बिंदू परस्परांशी सुसंगत दिसतात आणि त्यांची संख्या वाढली की गणित त्यांच्याकडेच झुकते, म्हणजे छाटणीत किनाऱ्यावरचे खरे बिंदू गमावण्याचा धोका असतो.

दुसऱ्या पद्धतीत अशा जागा शोधापूर्वीच बाद होतात. सीपीफाइंडला ढग ओळखणाऱ्या सेलेस्टचा पर्याय दिला तर ढगांचे भाग शोधातून वगळले जातात. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या प्रोग्रॅमिंग संग्रहात हेच काम वैशिष्ट्यशोधकाला (ठळक बिंदू शोधणाऱ्या भागाला) दिलेल्या मास्कने, म्हणजे कुठे शोधायचे हे सांगणाऱ्या आवरणाने, होते. चूक नंतर शोधण्यापेक्षा ती घडूच न देणे मला अधिक भरवशाचे वाटते.

तरीही निवड अतिशय अरुंद ठेवू नये. सगळे बिंदू क्षितिजालगतच्या पट्टीत आले तर भिंगाच्या विरूपणाचा (सरळ रेषा वाकड्या दिसण्याचा) अंदाज डळमळीत होतो. ह्युगिनमधलेच चित्रे जुळवणारे साधन अलाइन इमेज स्टॅक, वेगळे सांगितले नसेल तर, चित्राचे 5 × 5 चौकोन करून प्रत्येकात 8 बिंदू शोधू पाहते, ते बिंदू सर्वत्र पसरावेत म्हणूनच. त्यामुळे ढग, लाटा आणि चालती माणसे एवढेच झाकावे आणि दूरचे खडक, झाडे, घरे शोधासाठी मोकळी ठेवावीत.