नायजरमध्ये पैसा कशात घालावा: खोडात, खड्ड्यात की पंपात?

आधी एक खुलासा. नायजर म्हणजे नायजेरिया नव्हे. तो तिच्या डोक्यावरचा, समुद्रकिनारा नसलेला, बराचसा सहारा वाळवंटात गेलेला देश. पीकपाणी मात्र मराठवाड्यातल्या माणसाला ओळखीचं: जून ते सप्टेंबर पाऊस, आला तर, बाजरी, ज्वारी, चवळी. जुलै-ऑगस्टात पीक शेतात उभं असतं आणि कणग्या रिकाम्या. तिथल्या शेतीकामाला देणगी द्यायची किंवा वर्षभर राबायला जायचं मनात असेल, तर तीन प्रकारची कामं हमखास समोर येतील.

पहिलं खोडाचं. ऑस्ट्रेलियाचे कृषितज्ज्ञ टोनी रिनाउडो 1980 च्या दशकात मारादी भागात रोपं लावत होते आणि ती बहुतेक मरत होती. 1983 च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की शेतकरी पेरणीआधी झुडपं समजून जे तोडतात, ते पूर्वी तोडलेल्या झाडांच्या, जमिनीत जिवंत राहिलेल्या खोडांचे फुटवे आहेत. मग मोजके जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, बस्स. रोपवाटिका नको, टँकर नको. मारादी आणि झिंदर भागांत मिळून सुमारे 50 लाख हेक्टरांवर अशी झाडं उभी राहिल्याचा अंदाज आहे. त्यातलं गाओ तर अजब: बाभळीच्या गोतातलं, पण पावसाळ्यात पानं गाळतं. बाजरीवर सावली नाही आणि उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा. बांधावरच्या बाभळीखाली पीक मार खातं म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हेवाच वाटेल.

पण गोम मालकीत. जुन्या कायद्याने झाड सरकारचं; फांदी तोडली तरी दंड. मग कोण कशाला झाड राखेल? ही पकड आधी व्यवहारात ढिली झाली, कायदा 2004 मध्ये बदलला. म्हणून संस्थेला किती झाडं हे नंतर विचारा. झाड कुणाचं आणि सुगीनंतर चरायला येणाऱ्या गुरांबद्दल गावात काय ठरलंय, हे आधी.

जमीन इतकी उघडी पडली की खोडंच उरली नाहीत, तिथे खड्डे. हाउसा भाषेत त्यांना तास्सा म्हणतात. उन्हाळ्यात कुदळीने वीतभर रुंद, त्याहून उथळ खड्डा घ्यायचा, मूठभर शेणखत टाकायचं. खताच्या वासावर वाळवी येते, तिच्या बिळांमुळे घट्ट कवच फुटतं आणि पहिला पाऊस वाहून न जाता मुरतो. 1989 मध्ये नायजरच्या इलेला भागातले 13 शेतकरी शेजारच्या बुर्किना फासो देशातल्या यातेंगा भागात हे पाहून आले आणि पहिल्या वर्षी जेमतेम 4 हेक्टरांवर करून पाहिलं. पुढचं वर्ष दुष्काळी निघालं. खड्ड्यांच्या शेतात कणसं दिसली, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. किंमत घामात मोजावी लागते. हेक्टरी दहा हजारांच्या वर खड्डे, आणि गुरं नसलेल्या घराने शेणखत आणायचं कुठून? तरणी माणसं हंगाम संपला की मजुरीला परगावी गेलेली. शिवाय पडीक जमीन पिकू लागली की तिला भाव येतो आणि खरेदीदारही.

तिसरा पंप. याचे फोटो सगळ्यात छान येतात. भूजल वर असलेल्या खोलगट भागात बागायत जमतेही. गाल्मी गावचा जांभळा कांदा आयव्हरी कोस्ट, घानापर्यंत जातो. पण कांदा म्हटल्यावर पुढचं लासलगावकडच्या वाचकाला सांगायला नको. जुलै 2023 च्या लष्करी बंडानंतर शेजारी देशांनी निर्बंध लादले, सीमा बंद झाल्या. बाजरी घरी खाता येते, ट्रकभर कांदा नाही. त्यात पंप बिघडला तर सुटा भाग मिळेल कुठे?

म्हणून थोडी रक्कम असेल तर मी खोडावरच लावीन. तीही गावोगाव फिरणाऱ्या स्थानिक माणसाच्या पगारावर, कारण या कामात सामान जवळजवळ लागतच नाही. अडचण एवढीच, की देणगीदाराचं नाव रंगवायला इथे ना टाकी असते ना पंपाचं खोपटं.