बॅटरीवरचा जीपी कटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रूट कॅनॉल (दाताच्या मुळातली पोकळी) भरून झाल्यावर वर उरलेले कोन, म्हणजे गटापर्चा (जीपी) या रबरासारख्या पदार्थाच्या निमुळत्या काड्या, तापलेल्या टोकाने झटपट कापले जातात, एवढंच या कटरबद्दल ऐकलं होतं. ते खरंच आहे. पण मला बघायचं होतं ते कापल्यावर उरणारा गटापर्चाचा पृष्ठभाग.

ज्योतीवर तापवलेला प्लगर (गटापर्चा दाबायचं बोथट हत्यार) दाताशी नेईपर्यंत गार होतो, गटापर्चा त्याला चिकटतो आणि ओढताना अख्खा कोन हलतो. सिंगल कोन (एकाच कोनने भरणं) आणि बायोसिरॅमिक सीलर (कोनभोवतीच्या फटी भरणारं सिमेंट) असेल तर जास्तच, कारण सीलर तेव्हा घट्ट झालेलाच नसतो. कटरचं टोक कापून होईपर्यंत तापलेलं राहतं, म्हणून ही ओढाताण जवळपास थांबली.

लूप्समधून (डोळ्यांवरच्या भिंगांतून) पाहिलं तर काप गुळगुळीत, चकचकीत दिसतो, आणि इथेच फसायला होतं. मधे उथळ खळगा असतो, एका कडेला टोकाबरोबर वर खेचली गेलेली पातळ किनार. गटापर्चा ६० अंशांच्या आतच मऊ पडतो, पण निवताना आकसतो. कापल्याबरोबर गार प्लगरने खाली दाबून काही सेकंद धरलं नाही, तर ओरिफिसच्या (कॅनॉलच्या तोंडाच्या) भिंतीलगत फट राहते. हा दाब कटर देत नाही, तो आपल्यालाच द्यायचा.

बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) कापलेला पृष्ठभाग मला कधीच पटला नाही. गटापर्चा कापला जाण्याऐवजी फाटतो, तंतू लोंबतात. बिनदात्यांचे, घर्षणाने वितळवणारे बर त्यातल्या त्यात बरे. मुळाचं टोक शस्त्रक्रियेने ३ मिमी छाटताना मात्र बर आणि पाणीच लागतं. तिथे भरड बर गटापर्चा डेंटिनवर (दाताच्या आतल्या कठीण थरावर) फासतो, म्हणून शेवटचा हात बारीक फिनिशिंग बरचा.

मास्टर कोनचं (कॅनॉलच्या मापाच्या मुख्य कोनचं) टोक छाटायला हा कटर निरुपयोगी. कात्रीने ते चिमटल्यासारखं चपटं होतं आणि मग टगबॅक (कोन घट्ट बसल्याची, ओढताना जाणवणारी पकड) फसवा मिळतो. गेज प्लेटवर (मापाची भोकं असलेल्या पट्टीवर) स्काल्पेलची नवी ब्लेड फिरवली की गोल राहतं.

तक्रारी: बॅटरी उतरली की टोक नीट तापत नाही आणि पुन्हा ओढाताण सुरू. जळका थर साचतो, दरवेळी पुसावा लागतो. बटण दाबून धरायची सवय वाईट, कारण मुळाच्या बाहेरचं तापमान १० अंशांहून जास्त वाढलं तर हाडाला इजा होऊ शकते. पुन्हा घ्यायचा झाला तरी असाच घेईन, फक्त बारीक टोक एक जादा मागवून, कारण वाकतं ते तेच.