चुकांची वही : बारावीच्या गणितासाठी वर्षभर वापरल्यावर

हा अनुभव एका साध्या २०० पानी लाँगबुकाचा आहे. बारावी सायन्सची मुलं जूनपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत त्यात फक्त चुकलेली गणितं लिहीत होती. आधीच सांगतो, वहीचा उपयोग फार मोठा आहे, पण तीच गणितं पुन्हा कोरी सोडवली तर. नुसती लिहून ठेवली तर तेवढाच वेळ दुसऱ्या अभ्यासाला दिलेला बरा.

आखणी अशी. डावं पान चुकीचं, उजवं पान कोरं. डाव्या पानावर प्रश्न, पुस्तकाचा भाग आणि एक्सरसाइजचा क्रमांक, मग ज्या पायरीवर गाडी घसरली तेवढीच एक पायरी आणि तिच्याखाली कारण एका ओळीत. पूर्ण उत्तर उतरवायचं नाही. समासात एक अक्षर : ‘क’ म्हणजे कल्पनाच कळली नव्हती, ‘सू’ म्हणजे सूत्र चुकलं, ‘आ’ म्हणजे आकडेमोड किंवा चिन्ह, ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘सु’ म्हणजे सुरुवातच सुचली नाही. उजव्या पानाच्या डोक्यावर तीन तारखा टाकायच्या : २ दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. त्या त्या दिवशी डावं पान झाकून, प्रश्न तेवढा वाचून गणित पूर्ण सोडवायचं. लागोपाठ दोनदा मदतीशिवाय जमलं की त्या नोंदीवर तिरकी रेघ.

कारणाची ओळ हाच वहीचा जीव आहे आणि बहुतेक मुलं तिथेच उरकून टाकतात. ‘सिली मिस्टेक’ असं लिहिलेल्या नोंदीचा काडीचा उपयोग होत नाही, कारण पुढच्या वेळी काय वेगळं करायचं हे त्यातून कळतच नाही. एक उदाहरण घ्या. साइन २एक्स = कॉस एक्स याची सर्व उत्तरं काढायची आहेत. डावी बाजू २ साइन एक्स कॉस एक्स अशी उघडली की मुलं दोन्ही बाजूंना कॉस एक्सने भागतात, साइन एक्स = १/२ मिळवतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात. कॉस एक्स = ० मधून येणारी उत्तरं, म्हणजे पाय/२ च्या सगळ्या विषम पटी, गळून गेल्या. इथे ‘अर्धं उत्तर राहिलं’ हे कारण पुरेसं नाही. कारण असं हवं : ‘शून्य असू शकणाऱ्या पदाने भागलं, एका बाजूला आणून कॉस एक्स सामाईक काढायला हवं होतं.’ ही ओळ लिहिलेला मुलगा डिफरन्शियल इक्वेशनमध्ये भागाकार करतानाही थांबून बघतो.

इंटिग्रेशनमध्ये वहीने सगळ्यात जास्त कमाई करून दिली. तिथे बहुतेक नोंदी ‘सू’ किंवा ‘सु’ असतात आणि सारखी दिसणारी दोन गणितं समोरासमोर लिहिली की गुंता सुटतो. छेदात एक्स वर्ग + ४एक्स + १३ असेल तर पूर्ण वर्ग करून (एक्स + २) चा वर्ग + ९, आणि उत्तर १/३ टॅन इन्व्हर्स (एक्स + २)/३. तीच राशी छेदात वर्गमुळाखाली असली की उत्तर लॉगचं होतं, आणि बाहेरचा १/३ जातो. परीक्षेच्या घाईत डोळा वर्गमुळावरून घसरतो आणि टॅन इन्व्हर्स लिहिला जातो. डेफिनिट इंटिग्रेशनमधली नेहमीची नोंद म्हणजे सबस्टिट्यूशन केल्यावर मर्यादा जुन्याच ठेवणं. त्यावर उपाय एकच : टी धरला की त्याच ओळीत नव्या मर्यादा लिहायच्या, पुढच्या ओळीची वाट बघायची नाही.

‘वा’ च्या नोंदी प्रॉबॅबिलिटीत भरतात. नाणं ५ वेळा उडवलं, छापा ‘ॲट लीस्ट’ २ वेळा येण्याची संभाव्यता किती? १ मधून ० आणि १ छाप्याच्या संभाव्यता वजा करायच्या : १ − १/३२ − ५/३२ = १३/१६. फक्त शून्याची वजा केली तर ३१/३२ येतं, आणि ‘२ पेक्षा जास्त’ असं वाचलं तर १/२. बहुपर्यायी प्रश्नात ही तिन्ही उत्तरं पर्यायांत दिसू शकतात, त्यामुळे उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे बरोबर आलं असं धरू नये.

बोर्डाचा पेपर ८० गुणांचा, वेळ ३ तास. त्यातले १६ गुण प्रत्येकी २ गुणांच्या ८ बहुपर्यायी प्रश्नांचे. ४ गुणांच्या गणितात शेवटी चिन्ह चुकलं तर आधीच्या पायऱ्यांचे गुण मिळतात. बहुपर्यायीत दोन्ही जातात. म्हणून ‘आ’ च्या नोंदींना कमी लेखू नका. वेक्टरच्या क्रॉस प्रॉडक्टमध्ये मधल्या पदाचं उणे चिन्ह विसरणं ही अशीच चूक. उत्तर मिळालं की मूळ दोन्ही वेक्टरांशी डॉट प्रॉडक्ट शून्य येतो का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. मॅट्रिक्सचं इन्व्हर्स आलं की मूळ मॅट्रिक्सशी गुणून किमान पहिली ओळ तपासायची. आणि इन्व्हर्स काढताना ओळींच्या क्रिया सुरू केल्या तर शेवटपर्यंत ओळींच्याच. मध्येच स्तंभाची क्रिया केली की सगळं वाया.

वहीचा एक मोठा फायदा सुरुवातीला लक्षातही येत नाही. पुस्तकातल्या एक्सरसाइजमध्ये एकाच पद्धतीची गणितं ओळीने येतात. तिसऱ्या गणितापासून पद्धत निवडावीच लागत नाही, हात आपोआप चालतो आणि धडा झाला असं वाटतं. परीक्षेत मात्र पद्धत निवडणं हेच अर्धं काम. वहीत काल इंटिग्रेशन, आज लाइन अँड प्लेन, मध्येच अकरावीचं ट्रिग्नोमेट्री अशी सरमिसळ आपसूक होते. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना घनफळाची गणितं दिली होती. एकाच प्रकारची ओळीने सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के जमली आणि सरमिसळ सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत आकडे उलटले : ओळीने सोडवणारे २० टक्के, सरमिसळवाले ६३. म्हणून वहीतली गणितं सोडवताना जास्त चुकतायत म्हणून घाबरायचं कारण नाही. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी असलेली मिसलेनियस एक्सरसाइज याच कामाची आहे. ती धडा संपल्याबरोबर सोडवू नका, दोन आठवडे मागे ठेवा.

आता जिथे वही कमी पडते ते. लिनिअर प्रोग्रामिंगमध्ये तिचा फारसा उपयोग झाला नाही. तिथल्या चुका आलेखाच्या असतात : रेघेची चुकीची बाजू रंगवणं, छेदनबिंदू अंदाजाने वाचणं. त्याला ग्राफपेपरवर पट्टी घेऊन बसणं हाच इलाज. बाजू ठरवायला (०, ०) घालून बघा. रेघच त्या बिंदूतून जात असेल तर दुसरा कुठलाही बिंदू घ्या. मॅथेमॅटिकल लॉजिकच्या नोंदीही लवकर संपतात, ट्रुथ टेबल दोन-चारदा स्वच्छ केलं की तो धडा हातात येतो.

वेगासाठीही ही वही नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. त्याची तयारी घड्याळ लावून, वेगळ्या कागदावर. मात्र त्या सरावात चुकलेला प्रश्न वहीत यायलाच हवा. तिथे निगेटिव्ह मार्किंग नसल्याने अंदाजाने खूण करून बरोबर आलेले प्रश्नही लिहायचे. मुलं हे टाळतात आणि तीच गणितं पुन्हा अडतात.

सगळ्यात जास्त वह्या ऑगस्टमध्ये बंद पडल्या, आणि कारण जवळपास नेहमी एकच होतं : दिवसाला दहा-बारा नोंदी. तारखा साचतात, उजवी पानं कोरी राहतात आणि वही उघडायलाच नको वाटतं. दिवसाला ४ नोंदी पुरेत. जास्त चुकलं असेल तर ‘क’ आणि ‘सु’ आधी घ्या, एकसारख्या ‘आ’ मधली एकच ठेवा. लिहिणं आणि जुनं सोडवणं मिळून २० ते २५ मिनिटं लागतात. एखाद्या धड्याच्या निम्म्याहून जास्त नोंदी ‘क’ असतील तर वही बाजूला ठेवून तो धडा सरांकडून किंवा पुस्तकातून पुन्हा पहिल्यापासून शिकून घ्या.

जानेवारीत नव्या नोंदी कमी करून, रेघ न पडलेली गणितं तेवढी घ्यायची. पूर्वपरीक्षेच्या पेपरातल्या चुका मात्र त्याच संध्याकाळी, पेपर हातात आल्याबरोबर लिहा. चार दिवसांनी ती पायरी तशी का केली होती हे आठवत नाही आणि कारणाची ओळ पुन्हा ‘सिली मिस्टेक’वर येऊन थांबते.