नॉन-रिफंडेबल विमान तिकीट: नाव दुरुस्त करावे, रद्द करावे की तारीख बदलावी?

तिकिटावरचे नाव बदलायचे आहे असे म्हणणाऱ्या प्रवाशांच्या अडचणी दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात प्रवासी तोच असतो, फक्त त्याचे नाव चुकीचे नोंदले गेलेले असते. दुसऱ्या प्रकारात ज्याच्या नावे तिकीट काढले तो जाणार नसतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवायचे असते. इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या भारतीय कंपन्या पहिल्या प्रकारात दुरुस्ती करून देतात. दुसऱ्या प्रकारात मात्र तिकीट हस्तांतरित करत नाहीत, मग ते कितीही महागडे असो. आपली अडचण यांपैकी कोणती, हे आधी ठरवले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

दुरुस्तीबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम प्रवाशाच्या बाजूचा आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढले असेल आणि बुकिंगपासून 24 तासांच्या आत चूक कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावातील दुरुस्तीसाठी जादा आकार घेता येत नाही. त्यानंतर मात्र कंपनीच्या धोरणावर आणि ग्राहक सेवा केंद्राच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. म्हणून तिकीट ईमेलवर येताच ते ओळखपत्रासमोर धरून अक्षर न अक्षर ताडून पाहावे आणि चूक आढळल्यास वेब चेक-इन करण्यापूर्वीच कळवावे.

आपल्याकडे या चुका ठरावीक ठिकाणी होतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, त्या सवयीने फॉर्मच्या पहिल्या रकान्यात आडनाव आणि शेवटच्या रकान्यात वडिलांचे नाव भरले जाते. लग्नानंतर आधार कार्डावर पतीचे नाव व सासरचे आडनाव लागते, पण पासपोर्ट माहेरच्याच नावाचा राहतो. अशा वेळी देशांतर्गत प्रवासासाठी जे ओळखपत्र विमानतळावर दाखवायचे आहे त्यावरील नाव, आणि परदेश प्रवासासाठी पासपोर्टवरील नाव, हेच तिकिटावर असले पाहिजे. तिकीट माहेरच्या नावाने असेल आणि त्याच नावाचा वैध पासपोर्ट हाती असेल, तर तिकिटाला हात न लावता त्याच पासपोर्टवर प्रवास करणे बहुधा सर्वांत सोपे ठरते. व्हिसाही त्याच नावाचा आहे ना, एवढे मात्र पाहावे.

आता दुसरा प्रकार. रेल्वेचे कन्फर्म तिकीट गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज देऊन आई-वडील, भावंडे, मुले किंवा पती-पत्नी यांच्या नावे करून घेता येते, म्हणून विमानाच्या बाबतीतही तशीच अपेक्षा ठेवली जाते. विमानाचे भाडे मात्र प्रवासाचा दिवस जवळ येईल तसे साधारणपणे चढत जाते. नाव मोकळेपणाने बदलता आले, तर दलाल स्वस्तातली तिकिटे आधीच उचलून शेवटच्या आठवड्यात चढ्या दराने विकतील, आणि कंपन्यांना नेमके हेच टाळायचे असते. युरोपातील रायनएअर, इझीजेट, विझ एअर या कंपन्या शुल्क घेऊन प्रवासी बदलू देतात, पण ते शुल्क कित्येकदा स्वस्त तिकिटाच्या किमतीहून जास्त भरते. तेथील नातेवाइकांचे अनुभव ऐकून भारतीय कंपनीकडे तीच मागणी करण्यात अर्थ नाही.

तेव्हा खरी निवड उरते ती तिकीट रद्द करणे, तारीख बदलणे आणि सोडून देणे यांत. सोडून देणे हा माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय आहे. मूळ भाडे परत मिळणार नसले, तरी सरकारी कर आणि विमानतळाची वापर शुल्के प्रवाशाला परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त असू शकत नाही. समजा, तिकीट 6,000 रुपयांचे आहे आणि त्यात मूळ भाडे व अधिभार मिळून 5,000 रुपये आहेत; तर उरलेल्यातले कर व शुल्के परत मागण्याचा हक्क शाबूत राहतो. प्रवासी विमानतळावर गेलाच नाही तरीही हा हक्क कायम असतो, पण तेव्हा रक्कम मागून घ्यावी लागते. परतावा रोख हवा की पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायचा, हे प्रवाशाने ठरवायचे असते. कंपनीला ते लादता येत नाही.

ज्याच्या नावाचे तिकीट आहे तोच पुढे त्या मार्गाने जाणार असेल, तर तारीख बदलणे सरस ठरू शकते, कारण परतावा नसलेली कित्येक तिकिटे शुल्क भरून पुढे ढकलता येतात. मात्र बदलाचे शुल्क आणि नव्या दिवसाच्या भाड्यातील फरक यांची बेरीज नव्या तिकिटाच्या दराशी ताडून पाहावी. ती नव्या तिकिटाच्या जवळ जात असेल, तर जुने रद्द करून कर परत घ्यावेत आणि नवे काढावे.

पोर्टल किंवा एजंटकडून काढलेले तिकीट दुरुस्तीच्या बाबतीत दुबळे पडते, कारण विनाशुल्क दुरुस्तीचा नियम कंपनीच्या संकेतस्थळावरील बुकिंगपुरता आहे. शिवाय कंपनी बहुधा पोर्टलकडे आणि पोर्टल कंपनीकडे बोट दाखवते. परताव्याची जबाबदारी मात्र एजंट मध्ये असला तरी विमान कंपनीचीच राहते, हे तक्रार करताना ठामपणे सांगावे. पैसे घेऊन भारतीय कंपनीच्या तिकिटावर दुसऱ्या माणसाचे नाव चढवून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

जाण्या-येण्याचे तिकीट एकाच पीएनआरवर असेल, तर जातानाचे विमान न कळवता सोडू नये, कारण तसे केल्यास परतीची जागाही सहसा रद्द होते. एका पीएनआरवर अनेकजण असतील आणि एकालाच वगळायचे असेल, तर कंपनीला आधी पीएनआर वेगळा करायला सांगावे आणि मग त्या एकाचेच तिकीट रद्द करावे.