इव्हो म्हणून घेतली, निघाली सीडिया

पाच एचपीच्या बॉडीत तीन एचपीची वाइंडिंग घालून कोणी शेतकऱ्याला गंडवलं असेल, तर ती मोटार टेबलावर आल्या आल्या मला कळतं. चाळीसगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि बावीस वर्षं हेच करतोय. हे आधी सांगतोय, कारण खाली जे लिहिलंय ते वाचून ‘याला मशिनीतलं काही कळत नसेल’ असं वाटेल. कळतं. तरीही रॅलीत धावणारी मित्सुबिशी इव्हो समजून सव्वाआठ लाखांची गाडी घेताना मी तिच्याखाली एकदाही वाकलो नाही.

वेड जुनं आहे. माझा मावसभाऊ धुळ्याला असतो, तो सुबारूवाला आणि मी मित्सुबिशीवाला. कॉलेजात होतो तेव्हापासून हेच भांडण. विषय जागतिक रॅली स्पर्धेतल्या विजेत्यांचा. तो म्हणायचा, १९९५ चा सुबारूवाला मॅक्रे. मी म्हणायचो, १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं मित्सुबिशीवाला मॅकिनेन, बोल. मग तो २००३ च्या सोलबर्गवर यायचा. त्याची इम्प्रेझा, आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनाची, वजन खाली बसलेलं. माझी लान्सर इव्हो, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचं ४जी६३ इंजिन, दोन लिटरचं, वर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि खाली चारी चाकांना ताकद. दोघांनीही या गाड्या फक्त पडद्यावर पाहिलेल्या. इम्प्रेझाची ती दणकट आवृत्ती, डब्ल्यूआरएक्स एसटीआय, भारतात अधिकृतपणे कधी विकायला आलीच नाही. इव्हो एक्स २०१० च्या सुमारास आली, तीही मोजकीच, आणि तिची किंमत आमच्या सात पिढ्यांच्या हिशेबाबाहेरची.

आपल्याकडे जे मिळतं ते त्यांचं गरीब भावंड. इव्हो सात, आठ, नऊ ज्या लान्सरच्या बॉडीवर बनल्या, तीच बॉडी आपल्याकडे सीडिया म्हणून विकली गेली. इंजिन ४जी९४, दोन लिटर, टर्बो नाही, ११५ अश्वशक्ती, ताकद फक्त पुढच्या चाकांना. आणि सुबारूची फॉरेस्टर आपल्याकडे शेव्हरोलेचा बिल्ला लावून आली होती. तिला टर्बो नव्हता, पण चारी चाकांची ड्राइव्ह खरी होती. या दोन गाड्यांवर देशभरातले हौशी लोक बाहेरच्या हाफ-कटमधली, म्हणजे परदेशातून कापून आणलेल्या अर्ध्या गाड्यांमधली, टर्बो इंजिनं बसवतात, हे आम्हाला माहीत होतं. काही जण ते काम खरंच उत्तम करतात. फसणारा नेमका तिथेच फसतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मावसभावाने जाहिरात पाठवली. पुण्याजवळचं एक गॅरेज, एकाच माणसाकडे दोन्ही गाड्या: ‘इव्हो नाईन कन्व्हर्जन’ केलेली २००७ ची सीडिया आणि एक फॉरेस्टर. आम्ही दोघं पहाटे निघालो. रस्ताभर तेच भांडण.

त्या माणसाने आम्हाला दहा मिनिटांत ओळखलं. त्याने विकायचा काही आग्रहच केला नाही. फक्त काडी टाकायचा. मावसभावाला म्हणाला, “सुबारूची नजाकत वेगळीच, पण हेड गॅस्केटचं जपावं लागतं.” मग माझ्याकडे वळून, “दादा, तुम्ही जाणकार दिसता, ४जी६३ च्या ब्लॉकबद्दल तुम्हीच सांगा यांना.” आणि मी सांगायला लागलो! अर्धा तास मीच त्याची गाडी माझ्या भावाला विकत होतो. तो बाजूला उभा राहून चहा मागवत होता.

मग त्याने फॉरेस्टर लिफ्टवर घेतली. सरळ सांगितलं की हिला टर्बो अजून बसवायचाय, तीन लाख वेगळे लागतील. प्रामाणिक माणूस वाटला. गाडी वर गेली, पोराने गिअर टाकला, चारी चाकं फिरली. खाली मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट गरगरताना दिसला, ती ताकद दोन चाकांत वाटणारा मागचा डिफरेन्शियल दिसला. “सीडियाचंही हेच,” तो म्हणाला. “पण तिच्या साइड स्कर्ट फायबरच्या आहेत, लिफ्टचे हात लागले की तडकतात. म्हणून वर घेत नाही.” आम्ही मान डोलावली. एका गाडीची खरी गोष्ट दाखवून त्याने दुसरीबद्दलची शंकाच काढून घेतली.

सीडियाच्या डॅशबोर्डवर एक बटण होतं. इव्होत सातपासून पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरेन्शियल इलेक्ट्रॉनिक असतो आणि रस्त्याप्रमाणे त्याचे तीन मोड बदलता येतात, हे मी कितीतरी वेळा वाचलेलं. बटण दाबलं की एकेक दिवा लागायचा: टारमॅक (डांबरी), ग्रॅव्हल (खडी-माती), स्नो (बर्फ). मी ते सात-आठ वेळा दाबलं असेल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावचा माणूस, आणि ‘स्नो’चा दिवा लागला की छातीत धडधड.

गाडी चालवून पाहिली. ओढ होती, खोटं का बोलू. टर्बोचा दाब दाखवणाऱ्या बूस्ट गेजचा काटा वर गेला की पाठ सीटला चिकटायची. पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जोरात पाय दिला की स्टिअरिंग डावीकडे ओढायचं. मी विचारलं, तो म्हणाला, “अलाइनमेंट करून देतो.” ताकद सगळी पुढच्या दोनच चाकांवर पडली की स्टिअरिंग असं ओढतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं यात फरक आहे, एवढंच म्हणतो.

आता ज्यासाठी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते ते. मी आरसी मागितली. बॅटरीच्या उजेडात इंजिनवरचा नंबर वाचला, आरसीवरच्या नंबराशी जुळवला, मोबाइलवर फोटो काढला. अक्षर न् अक्षर जुळलं. मी खूष, कागद साफ! अरे, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं असेल तर नंबर जुळेलच कसा? आरटीओत नोंद करून घेतली असती तर आरसीवर नवा नंबर आणि बदलाची नोंद असती. नोंद केली नसती तर नंबर जुळला नसता. जुना नंबर तसाच जुळतोय याचा अर्थ इंजिन कंपनीतून आलं तेच आहे. त्याच फोटोत नंबराशेजारी ‘४जी९४’ कोरलेलं स्पष्ट दिसतं. मी फोटो काढला, पाहिला नाही.

व्यवहार असा झाला. पंचवीस हजार टोकन यूपीआयने. साडेपाच लाख आरटीजीएस, पण खातं त्याच्या ‘मेव्हण्याच्या’ नावावर, का तर त्याचं स्वतःचं म्हणे बँकेने थांबवलेलं. अडीच लाख रोख. विक्रीच्या कागदावर ‘मित्सुबिशी सीडिया २००७, जशी आहे तशी’ एवढंच. इव्हो, टर्बो, चार चाकं, एक शब्द नाही. वर पासष्ट हजार ‘स्टेज टू रिमॅप आणि अँटी-लॅग’चे; रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी वाढेल, बघा.” मी वाचवले!

अँटी-लॅग म्हणजे पाय काढल्यावरही टर्बो फिरता राहावा म्हणून एक्झॉस्टमध्येच इंधन पेटवायचं. रॅलीत त्याला अर्थ आहे. स्टेशन रोडवर त्याचा अर्थ फटाके. गल्लीतली पोरं महिनाभर माझ्या मागे होती, आणि एका लिटरला सहा किलोमीटर.

ऑगस्टात एका रविवारी आम्ही दोघं पाटणादेवीला गेलो. पाऊस पडून गेलेला. समोरून एसटी आली म्हणून मी डावी चाकं रस्त्याखाली घेतली, काळ्या मातीत. गाडी बसली. मला उलट आनंद झाला, आता दाखवतो याला इव्हो काय असते ते. बटण दाबून ‘ग्रॅव्हल’ लावला आणि रेस दिली. पुढची चाकं चिखल उडवत खोल गेली. मावसभाऊ बाहेर उभा होता. तो काही बोलेना, नुसता मागच्या चाकाकडे बघत राहिला. चिखलाच्या रस्त्यावरून येताना त्या टायरला चिकटलेलं गवताचं पातं जसंच्या तसं वर उभं होतं. पुढची चाकं तिकडे धूर काढतायत आणि हे पातं हलतही नाही.

ट्रॅक्टरने ओढून काढली. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्तरीकडे नेली. उभं आयुष्य जीप दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. तो खड्ड्यात उतरला आणि दोन मिनिटांत खालूनच ओरडला, “भाऊ, हाई गाडीना मांगना चाकसले काहीच जोडेल नै!” शाफ्ट नाही, ताकद मागे वळवणारी ट्रान्सफर केस नाही, मागे डिफरेन्शियल नाही. डॅशबोर्ड खोलला तर बटणामागे दोनच तारा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतलेल्या. दिवे लागायला तेवढ्या पुरतात. वाइंडिंगवाल्याला वायरिंगने फसवलं, यावर मिस्तरी अजून हसतो.

इंजिनचं लाल कव्हर पुसून पाहिलं. इव्होच्या इंजिनला वर दोन कॅमशाफ्ट असतात, म्हणून कव्हर रुंद. याला एकच. वरून स्प्रेने लाल केलेलं. टर्बो मात्र होता. साध्या सीडियाच्या इंजिनला बाहेरून जोडलेला, म्हणून ती ओढ.

त्याने दिलेला डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद मी फ्रेम करून दुकानात लावला होता. त्या रात्री काढून टेबलावर ठेवला. ६००० आरपीएमला ३४० एचपी, टॉर्क ३३ किलोग्रॅम-मीटर. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१६. हे सूत्र मी रोज वापरतो. ३३ गुणिले ६००० भागिले ७१६ म्हणजे २७६. तीनशे चाळीस यायला त्या फेऱ्यांना साडेचाळीसच्या वर टॉर्क लागतो. कागद कॉम्प्युटरवर बनवणाऱ्याला दोन आकड्यांचं नातं माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि तो कागद चार महिने माझ्या डोक्यावर लटकत होता.

फोन केला. “घेऊन या, बघू,” इतकंच. मी निघालो आणि कन्नडचा घाट चढताना इंजिन दगड भरल्यासारखं वाजायला लागलं. मग निळा धूर. टर्बोशिवाय चालायला बनवलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबण्याचं प्रमाण, आधीच जास्त असतं. इव्हो नऊचं टर्बोसाठी मुद्दाम ८.८ ठेवलेलं. जास्त कॉम्प्रेशनवर बूस्ट, साधं पेट्रोल आणि कसाबसा केलेला रिमॅप, मग नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन अवेळी पेटून, पिस्टन फुटणारच. मोजलं तेव्हा चारपैकी तीन सिलिंडरमध्ये दीडशे पीएसआयच्या आसपास दाब, तिसऱ्या नंबरच्यात मात्र साठ.

पोलिसांनी कागद वाचला आणि म्हणाले, यात लिहिलंय ती गाडी तुम्हाला मिळालीय. त्यांचंही चूक म्हणवत नाही. वकिलाने भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी जे आलंय त्याखाली, नोटीस पाठवली. माझ्या हातात पुरावा एकच, त्याचा व्हॉइस मेसेज: “इव्हो नाईनचीच मशीन आहे, दादा, बिनधास्त.” बाकी सगळं तो फोनवर बोलायचा, लिहायचा नाही. नोटिशीनंतर एक लाख दहा हजार परत आले, पुढे नंबर बंद.

वकील अजून एक बोलले, तेव्हापासून झोप उडालीय. समजा त्याने खरंच इव्होचं इंजिन बसवून दिलं असतं आणि आरसीवर नोंद नसती, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मीच अडकलो असतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीने हात वर केले असते. म्हणजे त्याचं बोलणं खरं असतं तरी मी गोत्यात. विकत घेण्याआधी या अंगाने मी विचारच केला नव्हता. बूस्ट किती, गिअर रेशो किती, यावर मात्र रात्री जागवल्या होत्या.

मावसभाऊ वाचला तो तीन लाख जास्तीचे नव्हते म्हणून, अक्कल जास्त होती म्हणून नाही. हे तो स्वतःच कबूल करतो.

परवा त्याने एक जाहिरात पाठवली. तीच फॉरेस्टर. मागच्या बंपरवरचा ओरखडा तोच, दुसरं शहर, दुसरं नाव, आता ‘एसटीआय इंजिन, फुल टर्बो’, अकरा लाख. बॉनेटवर हवा आत घ्यायची नवी नाकपुडी कापलीय. सुबारूच्या टर्बो गाड्यांत त्या नाकपुडीच्या बरोबर खाली, इंजिनच्या डोक्यावर, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर आडवा बसलेला असतो. कोणी बघायला जाणार असेल तर बॉनेट उघडायला लावा आणि तिथे खरंच काही आहे का ते हात घालून बघा. आणि तो चहा मागवायला लागला की भांडण थांबवा.