तिसऱ्या चाकाचे पाच महिने: दिवाळी पहाट ते रंगपंचमी

माझा दादा व्हीलचेअर वापरतो. नऊ वर्षांपूर्वी बाइकच्या अपघातात मणक्याला मार लागला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात मात्र दणकट आणि कान त्याहून तयार. घरात, ऑफिसात, मॉलमध्ये तो माझ्यापेक्षा भरभर फिरतो. त्याची गाडी अडते ती मैदानात, आणि पुण्यात चांगलं गाणं निम्मं तरी मैदानातच होतं.

अडतं ते पुढच्या चाकांमुळे. मागची चाकं चोवीस इंची, पण पुढची दोन जेमतेम पाच इंची. ती गवतात रुततात, मंडपातल्या जाजमाची सुरकुती पुढे ढकलत बसतात, खडीत तर जागच्या जागी आडवी होतात. तीन वर्षांपूर्वी एका मैदानाच्या फाटकाशीच असं झालं. मी मागून ढकलत होते, चाक अडलं, खुर्ची थांबली आणि दादा थांबला नाही. तेव्हापासून मी त्याला मैदानात उलटं ओढत न्यायचे. मोठी चाकं पुढे झाली की खुर्ची रुतत नाही, हे खरंच. पण त्यात माणूस मैफलीला पाठ करून पोचतो. वाटेत भेटणारे ओळखीचे लोक त्याला गेल्यावर दिसतात. दादा त्याला 'निरोप समारंभ' म्हणायचा.

गेल्या दिवाळीआधी आम्ही खुर्चीच्या पुढे लावायचं एक जादा चाक घेतलं. बारा इंची, हवेचं, जाड टायरचं. फूटरेस्टच्या पट्टीला ते शिकंज्यासारखं पकडतं. खटका खाली दाबला की पुढची छोटी चाकं जमिनीपासून इंचभर वर उचलली जातात आणि खुर्ची तीन मोठ्या चाकांवर चालते. मोटर नाही, बॅटरी नाही. किंमत पाच आकडी, आणि एवढ्याशा वस्तूला ती जास्तच आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीच्या कुठल्याही चाकाला यातलं बरंचसं लागू पडेल.

घेण्याआधी एकच गोष्ट पाहा: तुमच्या खुर्चीचा फूटरेस्ट. दादाची खुर्ची घडीची नाही, ताठ फ्रेमची आहे आणि तिला दोन्ही पायांना मिळून एकच पट्टी आहे. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या घडीच्या खुर्चीला दोन पायांना दोन वेगळ्या पट्ट्या असतात. त्यांना हे चाक सरळ बसत नाही, वेगळा जोड लागतो.

पहिली परीक्षा दिवाळी पहाटेला, पहाटे पाच वाजता, दवाने ओल्या हिरवळीवर. मी सवयीने मागे उभी राहिले तर दादा पुढे निघूनही गेला होता. ओल्या गवतावर त्याचे हात घसरत होते, चाकांच्या कड्या निसरड्या झाल्या होत्या. तेव्हा रबरी ठिपक्यांचे हातमोजे जवळ ठेवा. बागकामाचे चालतात. पण रुतणं म्हणाल तर नाही. जमिनीवरून टाकलेल्या वायरींवर जे प्लास्टिकचे उंचवटे असतात, त्यांवरूनही तो एका दमात गेला. पूर्वी तिथे मला त्याला मागच्या चाकांवर तोलून धरावं लागायचं.

डिसेंबरात 'सवाई', म्हणजे शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव. आमच्या आईबाबांची सवाई रमणबाग शाळेच्या मैदानावरची. रात्रभराची बैठक, मांडीवर शाल, थर्मासमध्ये कॉफी आणि पहाटेची भैरवी ऐकून थेट ऑफिस. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षापासून भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, ही गोष्ट आम्ही दोघांनी लहानपणी रामायण-महाभारताच्या बरोबरीने ऐकली आहे. आता उत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो आणि लाउडस्पीकरच्या वेळेच्या नियमामुळे रात्रभर चालत नाही. बाबा त्यावर दरवर्षी हळहळतात. दादा मनातून खूश असतो. त्याला दर चार-पाच तासांनी कॅथेटर घालून लघवी करावी लागते. रात्रभराची मैफल म्हणजे त्याला दोनदा बाहेर जाणं, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी दरबारी राग सुरू करणार.

जागेबद्दल आमचा अनुभव असा. भारतीय बैठकीत दादाची खुर्ची मागच्यांच्या डोळ्यांसमोर येते, म्हणून तिथे नको. खुर्च्यांच्या रांगेत, कडेची एक खुर्ची काढून तिथे व्हीलचेअर लावली की त्याचं डोकं बाकीच्यांच्या रेषेत येतं आणि कुणाची तक्रार राहत नाही. मांडवातल्या खुर्च्या पुष्कळदा सुतळीने एकमेकींना बांधलेल्या असतात, तेव्हा छोटी कात्री सोबत असू द्या. चाक मात्र जागेवर पोचल्यावर काढायचं. ते पुढे फूटभर बाहेर येतं आणि अंधारात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागतं. एका काकूंना लागलंही. काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायला अर्धं मिनिट लागतं, ते आता माझ्या हातात बसलं आहे.

शास्त्रीय संगीताचा श्रोता उठून उभा राहत नाही, हा आपल्याला फार मोठा फायदा आहे. हे कळलं फेब्रुवारीत, शहराबाहेरच्या एका मोठ्या मैदानावर. फ्यूजन आणि रॉकचा दिवसभराचा कार्यक्रम, नाव लिहीत नाही. 'व्हीलचेअरसाठी वेगळी जागा' असं तिकिटावर होतं. होतीही. पण ती जमिनीच्याच पातळीवर, स्पीकरच्या भिंतीसमोर. दुसऱ्या गाण्याला सगळे उभे राहिले आणि तिथून पुढे दोन तास दादाने लोकांच्या पाठीवरचे टी-शर्ट वाचले. त्याहून वाईट म्हणजे बासच्या हादऱ्याने त्याचे पाय उडायला लागले. मणक्याच्या दुखापतीत पायांना असे झटके येतात, थंडीने येतात, हादऱ्याने येतात. पोटऱ्यांमागून पट्टा बांधला तेव्हा पाय फूटरेस्टवर राहिले. स्वयंसेवक पोरं भली होती, फक्त प्रत्येक जण मला विचारायचा, "यांना पाणी हवंय का?" चौथ्या वेळी दादा म्हणाला, "तिला नकोय, मला आण."

तिथली तात्पुरती शौचालयं म्हणजे फूटभर उंच पायरी आणि दादाच्या खुर्चीहून अरुंद दार. याला कुठलंच चाक पुरं पडत नाही. आम्ही कार्यक्रमाच्या आधी नकाशावर जवळचं मोठं हॉस्पिटल किंवा मॉल शोधून ठेवतो, मध्यंतराच्या थोडं आधी निघतो. ते दूर असेल तर मांडीला बांधायची युरिन बॅग. त्याबद्दल लाजत बसलो असतो तर दादा अजून घरी रेडिओच ऐकत असता.

त्याच मैदानात बाभळीच्या काट्याने चाक पंक्चर झालं. विक्रेत्याने सुटी ट्यूब मागवायला तीन आठवडे सांगितले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने लहान मुलांच्या बारा इंची सायकलची ट्यूब काढून दहा मिनिटांत बसवली. ती आजही आहे. शिकंजाही दोन महिन्यांत सैल पडतो. फूटरेस्टच्या पट्टीवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि ॲलन कीने एक आटा आवळला, तेव्हा घट्ट झाला. मैदानात निघण्यापूर्वी एकदा हलवून पाहायचं.

बसण्याबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. संवेदना नसलेल्या माणसाने एकाच जागी चार तास बसणं म्हणजे जखमेला आमंत्रण. दर अर्ध्या तासाने मिनिट-दोन मिनिटं भार हलवावा लागतो. दादा कोपर गुडघ्यांवर टेकून पूर्ण पुढे वाकतो. मोबाइलचा गजर मैफलीत शोभत नाही, म्हणून त्याने वेगळा हिशोब बसवला आहे. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) साधारण मिनिटभराचं. दोन आवर्तनं वाकायचं, समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, वर यायचं. शेजारच्यांना वाटतं, काय तल्लीन झालाय! एका आजोबांनी तर बाहेर पडताना त्याचा हात हातात घेतला.

थंडीत त्याच्या पायांवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. पाय गार लागतात म्हणून मी एकदा ठेवणार होते, त्याच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी वेळीच अडवलं. भाजलेलं त्याला कळणार नाही. दोन जोड लोकरी मोजे आणि घोंगडी पुरते. चहाही झाकणाच्या मगमधूनच, तो मांडीवर सांडला तरी कळत नाही.

चाकाचे दोष? वळायला जागा जास्त लागते. लिफ्टमध्ये काढावंच लागतं. दादाला ते स्वतः बसून लावता येतं, पण घामट हातांनी खटका दाबताना बोट चिमटतं. मऊ वाळूत आम्ही अजून नेलेलं नाही. हे सगळं धरूनही दादा ते परत द्यायला तयार नाही.

रंगपंचमीच्या संध्याकाळी एका सोसायटीच्या पटांगणात गाणं होतं. पार्किंगमध्ये एक काका चाकाकडे बघत थांबले. काकू घडीच्या खुर्चीत, दोन वेगळे फूटरेस्ट. हे तुम्हाला बसायचं नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग दादाने त्यांना उलटं ओढायची युक्ती दाखवली. फुटपाथच्या कडेवरून उतरवताना मोठी चाकं आधी खाली, पायाने मागून आधार, घाई नाही. काकांना जमलं. ते काकूंना ओढत गवतावरून निघाले.

"अहो, छान चाललंय," काकू म्हणाल्या, "पण मला फक्त तुमची स्कूटर दिसतेय."